वेल चढवण्यासाठी जाळीसह लाकडी पेटी करायची आहे. तळ कुजू नये आणि जाळी पडू नये म्हणून काय करावे?

ओट्यावरची_बाग

नमस्कार. गच्चीच्या कठड्यालगत ठेवण्यासाठी मला एक लाकडी पेटी करायची आहे आणि तिच्या मागच्या बाजूने रिपांची जाळी वर नेऊन तिच्यावर वेल चढवायची आहे. हे माझे पहिले काम नाही, आणि म्हणूनच विचारत आहे. तीन वर्षांपूर्वी मी पॅलेटच्या (माल ठेवण्याच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या उकलून अशीच एक पेटी केली होती. पहिल्या वर्षी सगळे छान चालले. मागच्या महिन्यात तिची जागा बदलायची म्हणून आम्ही दोघांनी ती दोन्ही बाजूंनी धरून उचलली, तेव्हा चार भिंती आमच्या हातात आल्या आणि तळ, माती व मुळांचा गठ्ठा जागच्या जागी राहिला. तळाच्या फळीला पेचकस टोचून पाहिला तर तो जराही जोर न लावता आरपार गेला. आश्चर्य असे की ज्या वरच्या फळ्यांवर तीन वर्षे ऊनपाऊस थेट पडत होता, त्या अजून खणखणीत आहेत.

जाळीची गत त्याआधीच झाली होती. ती मी पेटीच्या वरच्या कडेला दोन लोखंडी पट्ट्यांनी जोडली होती, आणि एका वादळी रात्रीनंतर सकाळी पाहतो तो फळीला उभी चीर पडून स्क्रू बाहेर आलेले, जाळी वेलीसकट पुढे लोळलेली.

नवी पेटी बाहेरून ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४५ उंच असावी आणि जाळी पेटीच्या कडेपासून १५० सेंटिमीटर वर जावी, असा बेत आहे. गोकर्ण किंवा कृष्णकमळ लावीन. कोणते लाकूड घ्यावे, आतून प्लास्टिक लावावे की नाही, आणि जाळीचे खांब नेमके कुठे जोडावेत, एवढे कोणी अनुभवाने सांगितले तर पुन्हा तीच चूक होणार नाही.

रंधा_आणि_पटाशी

आपण पेचकस टोचून पाहिलात हे उत्तम केलेत, कारण अर्धे उत्तर त्यातच आहे. लाकूड पावसाने कुजत नाही. ते ओले राहिल्याने कुजते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी वाढूच शकत नाही. वरच्या फळ्या भिजत होत्या, पण दुसऱ्या दिवशी वाऱ्याने सुकतही होत्या. तळाला ती संधी कधीच मिळाली नाही, कारण त्याच्या वर ओली माती होती आणि खाली ओली फरशी. तेव्हा आपल्या प्रत्येक जोडाकडे पाहताना एकच प्रश्न विचारावा: इथे शिरलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडेल?

पॅलेटच्या लाकडाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो आणि तो पाहून लोक समजतात की लाकडावर टिकाऊपणाची प्रक्रिया झाली आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच की ते लाकूड अगदी आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवलेले आहे, जेणेकरून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत. त्याने आतली कीड मरते, पण पुढे येणाऱ्या बुरशीला कोणताही अटकाव होत नाही. ‘एमबी’ शिक्क्याच्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते तर घेऊच नये. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत. त्यांत मुरलेले क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचे डांबरी तेल) त्वचेलाही वाईट आणि मुळांनाही.

लाकूड सागवानाचे किंवा देवदाराचे घ्या, मात्र ते गाभ्याचे हवे. झाडाच्या सालीलगतचा फिकट थर सागवानाचा असला तरी बुरशीसमोर फार काळ तग धरत नाही, आणि विकणारा ‘सागवान’ एवढेच सांगतो. एकाच फळीच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर ती बाजू मातीकडे न ठेवता बाहेर ठेवा, किंवा रंध्याने काढून टाका. प्लायवूड, मग ते कितीही जलरोधक म्हणून दिलेले असो, कापलेल्या कडांमधून पाणी पिते आणि थर सुटू लागतात.

आता रचना. चारही कोपऱ्यांचे खांब पेटीच्या बाहेर ठेवा आणि फळ्या त्यांच्या आतल्या बाजूला लावा. बहुतेक जण उलटे करतात, कारण बाहेरून सपाट दिसते. पण मग खांब ओल्या मातीत उभे राहतात, आणि मातीचा पृष्ठभाग जिथे संपतो व हवा सुरू होते त्या वीतभर पट्ट्यात लाकूड सर्वांत आधी जाते. कुंपणाचा जुना खांब कधी उपटून पाहा. वरचा भाग शाबूत, जमिनीतले टोक बरेचसे शाबूत आणि मधे कुरतडल्यासारखी कंबर. बाहेर खांब ठेवल्याचा दुसरा फायदा असा की ओल्या मातीचा दाब फळीला खांबावर रेटतो, स्क्रूमधून उपटत नाही.

मागचे दोन खांब म्हणजेच जाळीचे खांब. ते पेटीच्या कडेला जोडायचे नाहीत, तर पायापासून सलग १९५ सेंटिमीटर वर न्यायचे. आपली जाळी पडली ती स्क्रू कमी होते म्हणून नव्हे. दीड मीटरच्या तरफेचा सारा जोर बोटभर लाकडावर येत होता म्हणून. सलग खांबाला पेटीच्या तळाशी आणि काठाशी असा दोन ठिकाणी, ४० सेंटिमीटर अंतरावर आधार मिळतो. खांब ४५ मिलिमीटर चौरस असू द्या. २५ मिलिमीटरची रीप खांब म्हणून चालेल असे वाटते, पण वाकण्यातली ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४५ ची रीप २५ च्या रिपेपेक्षा जवळजवळ सहा पट सोसते.

फळ्या २० ते २२ मिलिमीटर जाडीच्या चालतील, पण ९० सेंटिमीटर लांबीत त्या मधे फुगतील, म्हणून लांब बाजूंच्या मध्यावर बाहेरून एकेक उभी पट्टी द्या किंवा समोरासमोरच्या फळ्या मधोमध एका आडव्या रिपेने बांधा. दोन फळ्यांमध्ये ३ मिलिमीटर फट ठेवा. लाकूड भिजल्यावर लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. १० सेंटिमीटर रुंदीची फळी सहज दोनेक मिलिमीटर फुगते आणि तिला जागा नसेल तर ती शेजारणीला ढकलते. तळाच्या फळ्यांत ८ मिलिमीटर फट ठेवा, त्यांखाली दोन आडव्या रिपा द्या, आणि सगळी पेटी फरशीपासून किमान ३ सेंटिमीटर उचललेली राहील असे पाये ठेवा. पायांचे खालचे कापलेले टोक ही सर्वांत नाजूक जागा, कारण लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि काडीने पाणी ओढावे तसे पाणी वर चढते. जोडणीच्या आधी ही टोके बाहेरच्या कामासाठीच्या इपॉक्सीत किंवा घट्ट वार्निशात दोनदा बुडवून वाळवा. पेटी उभी राहिल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

चौकट गुण्यात (म्हणजे कोपरे काटकोनात) आहे की नाही हे कोपऱ्यावर गुण्या लावून कळेलच, पण खात्री कर्ण मोजूनच होते. आपल्या मापाला दोन्ही कर्ण साडेअठ्ठ्याण्णव सेंटिमीटरच्या आसपास आले पाहिजेत. एक ९८ आणि दुसरा ९९ आला तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर दाब देऊन मगच शेवटचे स्क्रू आवळा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि फळीच्या टोकाजवळ आधी बारीक छिद्र पाडल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. आपल्या फळीला पडलेली चीर बहुधा पहिल्याच दिवशी सुरू झाली असेल.

प्लास्टिकबद्दल माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे. फळीला चिकटून ठोकलेले प्लास्टिक पाणी अडवते खरे, पण स्टेपलच्या प्रत्येक भोकातून थोडे पाणी मागे जाते आणि मग ते तिथेच कोंडले जाते. त्यापेक्षा माती लाकडाला लागूच देऊ नका. बाजारात मिळणारे दोन चौकोनी प्लास्टिकचे टब पेटीत बसतील अशा बेताने पेटीची मापे ठरवा, टब तळाच्या रिपांवर ठेवा आणि सभोवती बोटभर हवा राहू द्या. माझ्याकडची अशी पेटी सात वर्षांची आहे. झाड बदलायचे असेल तर टब उचलला की झाले.

चौथी_कुंडी

एवढा खटाटोप कशाला? तळाशी चार बोटे खडी घालावी, तिच्यावर माती. पाणी खडीत उतरते, माती कोरडी राहते आणि तळ वाचतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच करतात.

वेलीचा_ताणा

खडीविषयी नम्रपणे असहमती नोंदवतो, कारण परिणाम नेमका उलटा होतो. बारीक मातीतले पाणी तिच्या सूक्ष्म फटींत धरलेले असते, आणि खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. सीमेवरची माती पूर्ण भरून वाहू लागेपर्यंत थेंबही खाली जात नाही. एक ओला स्पंज आडवा धरा, ठिबकणे थांबू द्या, आणि मग तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. म्हणजे मातीचा थर जितका उंच तितका तिचा वरचा भाग मोकळा, आणि खडी घातल्याने आपण ती उंचीच कमी करतो. टबला १२ मिलिमीटरची आठ-दहा भोके पाडून त्यांवर जाळीच्या कापडाचा तुकडा ठेवावा, एवढे पुरते. वरून मात्र पाच सेंटिमीटर जागा रिकामी ठेवावी, नाहीतर पाणी घालताना माती काठावरून वाहते.

मूळ प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे आणि माझ्या मते जाळीचे माप तिच्यावरच ठरायला हवे: वेल चढते कशी? गोकर्ण आणि मधुमालती यांचे खोडच आधाराभोवती पीळ घालते, त्यामुळे त्यांना उभा आधार हवा. आडव्या रिपा त्यांच्या फारशा उपयोगाच्या नाहीत. कृष्णकमळाचे तसे नाही. ते ताणे (आधार पकडणारे बारीक तंतू) सोडते, आणि ताणा शोधतो बारीक वस्तू. मी पहिल्या वर्षी ४० मिलिमीटर रुंदीच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या जाळीसमोर कृष्णकमळ लावले होते. ताणे पट्टीला लागत, तिच्यावरून घसरत आणि शेवटी हवेतच स्प्रिंगसारखे गुंडाळले जात. मग मी उभ्या पट्ट्यांमध्ये दोन मिलिमीटर जाडीची तार ताणली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एका ताण्याने तिला तीन वेढे घातलेले होते. ही हालचाल इतकी मनोवेधक असते की चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या चढण्यावर एक दीर्घ निबंधच लिहिला होता.

म्हणून सुचवतो की उभ्या रिपा २० मिलिमीटर चौरस आणि १५ सेंटिमीटर अंतरावर ठेवा, आडव्या २५-३० सेंटिमीटरवर फक्त बांधणीपुरत्या, आणि कृष्णकमळच लावायचे ठरले तर आडव्या तारा घाला. बोगनवेल किंवा वेलगुलाब यांपैकी कोणीच पीळ घालत नाही आणि ताणेही सोडत नाही. त्यांना हातानेच सैलसर बांधावे लागते. आयव्हीसारख्या मुळांनी चिकटणाऱ्या वेली लाकडी जाळीवर नकोतच. जाळी आणि कठडा यांच्यात सातेक सेंटिमीटर मोकळे ठेवा, म्हणजे पीळ घालणाऱ्या शेंड्याला मागून फिरायला वाव मिळेल.

ओळंबा

वरची सर्व माहिती योग्य आहे, पण आपण दिलेल्या मापांची पेटी मोकळ्या गच्चीवर नुसती ठेवली तर ती उलटेल, हे आकड्यांतच दिसते.

दाट वेलीने झाकलेली जाळी म्हणजे शीडच समजा. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा आला तर त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २४ किलो भाराइतका असतो. आपली जाळी ०.९ गुणिले १.५, म्हणजे १.३५ चौरस मीटर. एकूण रेटा जवळजवळ ३२ किलो. तो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर लागतो, तेव्हा उलटवणारा जोर, म्हणजे किलो गुणिले मीटर, सुमारे ४०. याला अडवणारे काय आहे? पेटीत ११० लिटरच्या आसपास मिश्रण मावेल. ते ओले असताना लाकडासह १४५ किलो धरू. पेटी ४० सेंटिमीटर रुंद, म्हणून हे वजन कडेपासून २० सेंटिमीटर अंतरावर काम करते, आणि गुणाकार येतो २९. म्हणजे ताशी साठेक किलोमीटर वाऱ्यातच तिचा तोल जाईल. माती सुकून एकूण वजन ८५ किलोवर आले तर पन्नाशीच्या आतच. टब वापरून सभोवती हवा ठेवली तर माती आणखी कमी बसते, हेही हिशेबात धरा.

रुंदी ६० केली तर माती वाढते, तरफही वाढते आणि पेटी स्वतःच्या बळावर उभी राहते. परंतु मग ओले वजन २३० किलोच्या घरात जाते. मूळ मापातही चौरस मीटरला ४०० किलोहून अधिक भार पडतोच आहे, तेव्हा पेटी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कठड्यालगत, खाली तुळई किंवा भिंत असेल अशाच जागी ठेवा, आणि ती कुठे आहे हे खात्रीने माहीत नसेल तर इमारतीची माहिती असलेल्या अभियंत्याला विचारल्याशिवाय माती भरू नका.

माझी सूचना वजन न वाढवता खांब बांधण्याची आहे. कठडा मीटरभर उंच आणि पक्का असेल तर त्या उंचीवर दोन्ही खांबांना स्टेनलेसची पट्टी घालून ती कठड्यात पक्की करा. एवढ्या उंचीवर बांधले की प्रत्येक बांधणीवर २० किलोच्या आसपासच जोर येतो, जो साधा अँकर (भिंतीत घट्ट बसवायचा बोल्ट) सहज पेलतो. वारा आतून येवो की बाहेरून, पट्टी दोन्ही दिशांना धरते. दोरी फक्त एकाच दिशेला धरते, म्हणून दोरी नको. अँकर कठड्याच्या उभ्या बाजूस बसवा. गच्चीच्या फरशीला भोक पाडाल तर जलरोधक थर फुटेल आणि गळतीचा वेगळाच विषय सुरू होईल.

ओट्यावरची_बाग

सर्वांचे मनापासून आभार. कठडा १०५ सेंटिमीटर उंच आहे आणि खालच्या मजल्याची बाहेरची भिंत अगदी त्याच्याच खाली येते, हे आज खाली जाऊन पाहून आलो. त्यामुळे ४० सेंटिमीटर रुंदी कायम ठेवून खांब कठड्याला बांधायचे ठरवले आहे. जाळी १५० ऐवजी १२० करीन. आडोशाला तेवढी पुरते. टबाची कल्पना पटली, परंतु आता आधी टब आणून मगच फळ्या कापणार, कारण टबांचे काठ बाहेर पसरलेले असतात आणि मी मागच्या वेळी असेच तळाचे माप धरून फसलो असतो.

दोन शंका राहिल्या. जाळी खांबांना कायमची जोडावी की सुटी ठेवावी? आणि तेल लावावे की रंग?

रंधा_आणि_पटाशी

जाळी सुटी ठेवा. तिची स्वतंत्र चौकट करा आणि ती दोन्ही खांबांना प्रत्येकी तीन बोल्टांनी आतून धरा. सरस लावू नका. पीळ घातलेली वेल रिपांतून सोडवता येत नाही, ती कापावी लागते. पण बोल्ट काढले तर सबंध जाळी वेलीसह हलकेच पुढे कलवून मागून खांबांची देखभाल होते. यासाठी बोल्टांचे नट पुढच्या बाजूला, हात पोहोचेल असे ठेवा. मी एकदा ते कठड्याच्या बाजूला ठेवले होते आणि पान्यासाठी सात सेंटिमीटरची फट अपुरी पडली.

रंगाचा थर सुरुवातीला छान दिसतो, पण जोडाजवळ तडकला की त्याच्याखाली पाणी शिरते आणि सुकत नाही. वेल चढल्यावर खरवडून पुन्हा रंगवणे कोणालाच जमत नाही. त्यामुळे तेलच बरे: बाहेरच्या कामासाठीचे मुरणारे तेल पातळ हाताने दोनदा लावावे, पंधरा मिनिटांनी वर राहिलेले फडक्याने पुसून घ्यावे, आणि दरवर्षी वेलीची छाटणी करताना दिसेल तेवढ्या भागावर पुन्हा फिरवावे. साधे कच्चे जवसाचे तेल टाळा, ते आठवडाभर चिकट राहते आणि त्यावर काळी बुरशी धरते. काहीच लावले नाही तर सागवान करडे पडेल, पण त्याने ताकदीत फरक पडत नाही.

मात्र अशा तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेत सुकते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडली की ते आपोआप पेट घेऊ शकते. मी ती पाण्यात बुडवून, मग कठड्यावर एकेक पसरून, काठी ठेवून वाळवतो आणि कडक झाल्यावरच टाकतो.

आणि टब आणाल तेव्हा त्यांच्या काठांचे माप पट्टीने दोन्ही दिशांना घ्या. एकाच साच्यातून निघालेले टबही अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे असतात.